पडायला लागणारा वेळ

मोठ्या झोक्याच्या दाराशी चपलांसाठी एक रॅक असतो. बसायच्या आधी चपला काढायच्या, चष्मा काढायचा, मोबाइल कुणाकडे तरी द्यायचा. त्या ‘कुणाकडे तरी’त मी येते. भाच्याचा चष्मा, बहिणीची पर्स, कुणाकुणाच्या टोप्या असं सगळं मांडीवर घेऊन मी समोरच्या बाकावर बसते. ‘मावशी, तू पण चल ना’ हा आग्रह हल्ली कुणी करत नाही. सामान राखायला एक माणूस लागतंच, आणि ते मिळालेलं आहे.

दुपारी त्या अवाढव्य लंबकाकडे बघत बसले होते. चार तिरक्या पायांच्या माथ्यावर आस, आसाला लोंबता खांब, खांबाच्या टोकाला माणसांनी भरलेली गोल चकती. ती चकती स्वतःभोवतीही फिरते, म्हणजे पोटातलं काही जागेवर राहू नये याची पुरती सोय. सुरुवात अगदी सभ्य असते. जरा इकडे, जरा तिकडे. बसलेले हसतात, खालच्यांना हात करतात. माथ्यावरच्या मोटारी प्रत्येक हेलकाव्याला थोडी थोडी भर घालत जातात, आणि एका क्षणी हात करणं बंद होतं. सगळे हात छातीवरच्या दांडीवर.

मी घड्याळ बघायला लागले. काहीही हलताना दिसलं की त्याचा वेळ मोजायचा, ही माझी जुनी खोड. बसमधल्या लोंबत्या कड्या, दिव्याची दोरी, काहीही चालतं.

ही खोड आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाची. उन्हाळ्यात ते मागे पडायचं. उष्णतेने लंबकाची दांडी किंचित लांबते आणि लांब लंबक हळू चालतो. आजोबा काचेचं दार उघडून लंबक थांबवायचे, गोळ्याखालची चाकी जराशी फिरवून गोळा केसभर वर घ्यायचे, आणि मला स्टुलावर उभं करायचे. “ढकलू नकोस. एका बाजूला ने आणि सोड.” ढकललं तर पुन्हा थांबवून पहिल्यापासून. मग ते कान लावून ऐकायचे. टिक आणि टॉक यांच्यात सारखं अंतर हवं. घड्याळ भिंतीवर जरा जरी तिरकं असलं, तरी ते लंगडतं. “लंगडतंय,” ते म्हणायचे आणि लाकडी पेटी एका बोटाने सरळ करायचे. मला काही कळायचं नाही. पण मीही मान हलवायची.

झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो, असं गॅलिलिओचं म्हणणं होतं. पिसाच्या कॅथेड्रलमधला हलता दिवा त्याने स्वतःच्या नाडीवर मोजला, अशी गोष्ट सांगतात. लहान झोक्यांपुरतं ते जवळपास खरंही आहे. १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सला मात्र पक्कं ठाऊक होतं की झोका मोठा झाला की वेळ वाढतो. घड्याळात हा फरक जाणवत नाही, इथे डोळ्यांनी दिसतो. मोकळा लंबक दोन्ही बाजूंना १२० अंशांपर्यंत जाऊ लागला, तर एका हेलकाव्याला लहान झोक्यापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त वेळ लागतो. तो वेळ जातो मुख्यतः वर, रेंगाळण्यात. आणि वर आवाज नसतो. किंकाळ्या सगळ्या खाली येतानाच्या.

गंमत म्हणजे झोका उंच बांधला म्हणून जोर वाढत नाही. नव्वद अंशांवरून सुटलात तर अगदी तळाशी तुमचं वजन तिप्पट भासतं. दोरी अडीच मीटरची असो की खांब वीस मीटरचा, हिशेब तोच. फक्त बागेतल्या अडीच मीटरच्या झोक्याचा एक लहान हेलकावा सव्वातीन सेकंदांच्या आत संपतो, वीस मीटरवाल्याचा नऊ सेकंद चालतो. कॅलिफोर्नियातल्या एका पार्कात २०१८ साली आलेला ‘क्रेझॅनिटी’ नावाचा झोका चकतीला १७० फुटांवर नेतो. एवढं लोखंड उभारून काय मिळवलं, तर पडायला लागणारा वेळ. लोक रांगा लावतात त्या त्यासाठी.

पॅरिसच्या पँथेऑन या भव्य इमारतीत १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला होता. त्याच्या एका हेलकाव्याला सोळा सेकंदांहून जास्त लागायचे. पृथ्वी फिरते हे त्याने लोकांना दाखवलं खरं, पण त्यावर कुणाला बसवलं असतं तर तो जांभया देत उतरला असता. ६७ मीटरला तो झोका काहीच मोठा नव्हता.

भाचा उतरला. पाय लटपटत होते, चेहरा उजळलेला. चष्मा न घेताच पुन्हा रांगेकडे निघाला.

२६ जुलै २०१७ ला अमेरिकेत ओहायोच्या जत्रेत असाच एक झोका चालू असताना एक आसनगट तुटून उडाला. अठरा वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच दिवशी तपासनिसांनी तो झोका बघून चालवायला परवानगी दिलेली होती. पुढे बनवणाऱ्या कंपनीने कारण सांगितलं ते असं, की आसनांना धरून ठेवणारी तुळई आतून गंजली होती, पत्रा आतून खात खात पातळ झाला होता. २०१९ साली अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या झोक्याचा खांब तुटला, तिथे दोघं गेले.

मी मांडीवरचं सगळं बाकावर ठेवलं आणि दाराशी गेले. झोका चालवणारा मुलगा प्रत्येक दांडी खाली दाबून, मग वर ओढून बघत होता. “सकाळी रिकामा फिरवून बघता ना?” मी विचारलं.

“रोज, मॅडम.”

“आणि आतून?”

“आतून म्हणजे?” त्याने विचारलं, आणि पुढच्या दांडीकडे गेला.