बीकन हिल: गाईड हवाच का?

बॉस्टनला निघालेले बरेच जण विचारतात, बीकन हिल या टेकडीवरची ‘ब्लॅक हेरिटेज ट्रेल’, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या खुणा दाखवणारी पायवाट, गाईडशिवाय आपली आपण चालता येते का? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

येते. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण तीन तास हाताशी ठेवा. विटांचे फुटपाथ उंचसखल आहेत, चढउतार आहेत, त्यामुळे बूट हवेत. घोळ होतो तो वेळेचा. वाटेवरच्या बहुतेक घरांत आजही लोक राहतात, ती बाहेरूनच बघायची. आत जाता येतं ते अगदी शेवटी, स्मिथ कोर्टमधल्या संग्रहालयात. दुपारी रमतगमत निघालेले पोचतात तेव्हा तिथलं दार बंद! उघडण्याचे वार आधी तपासा आणि सकाळीच निघा.

पार्क स्ट्रीट स्टेशनवर उतरून स्टेट हाउससमोरच्या (राज्याच्या विधानभवनासमोरच्या) ५४व्या पलटणीच्या स्मारकापासून सुरुवात करा. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेली ही कृष्णवर्णीय शिपायांची पलटण, अधिकारी मात्र गोरे. समोरून फोटो काढून निघू नका, मागे जा. १८९७ साली स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यावर फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. कृष्णवर्णीय शिपायांची नावं कोरली गेली १९८०च्या दशकात.

पिंकनी स्ट्रीटवर ५-७ क्रमांकाचं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कृष्णवर्णीय जॉर्ज मिडलटन यांचं लाकडी घर विटांच्या घरांमध्ये सहज निसटतं, म्हणून क्रमांक वाचत चाला. ढोबळमानाने हा रस्ता म्हणजे सीमारेषाच: दक्षिण उतारावर श्रीमंत गोरे, उत्तर उतारावर कृष्णवर्णीय कामगार, न्हावी, शिंपी. पुढे ६६ फिलिप्स स्ट्रीट, लुईस आणि हॅरिएट हेडन यांचं घर. लुईस स्वतः केंटकीतल्या गुलामीतून निसटलेले. गुलाम पकडणारे आलेच तर उडवून द्यायला त्यांनी घरात दारूगोळ्याची पिंपं ठेवली होती, असं सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ स्मिथ कोर्टला द्या. तिथली एबिएल स्मिथ शाळा, म्हणजे आजचं संग्रहालय, १८३५ची, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. छोट्या सारा रॉबर्ट्सला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून इथे यावं लागे, म्हणून तिच्या वडिलांनी शहरावर खटला भरला. ते हरले. पण १८५५ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा करून शाळांतला वर्णभेद बंद केला. गंमत म्हणावी की दुर्दैव, हाच हरलेला खटला १८९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ (सोयी समान असल्या तर गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणं कायदेशीर) या तत्त्वाला आधार म्हणून वापरला.

शेजारचं आफ्रिकन मीटिंग हाउस, म्हणजे कृष्णवर्णीयांचं चर्च आणि सभागृह, १८०६चं. गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे गोरे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३२ साली गुलामगिरीविरोधी संस्था इथेच स्थापली. पुढे १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, त्यांच्या चळवळीचं एक मूळ या सभागृहात आहे. तिथल्या बाकावर दहा मिनिटं बसा. मग जॉय स्ट्रीटने उताराला लागलात की केंब्रिज स्ट्रीट येतो.