राजापूरच्या सड्यांवर वनस्पतींचा नकाशा करताना

सड्याचा, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराचा, नकाशा करायचा तर पावसात जायला हवं, आणि तेही एकदा नाही. जूनच्या सरींनंतर एक फेरी, सप्टेंबरात दुसरी. मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या कुठल्याही कातळावर उभे राहिलात तर सातबाऱ्यावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, असं का लिहिलंय ते पटेल. काळपट जांभा, करडं गवत, खाली चटके. उपग्रहालाही तेच दिसतं. देशभरातल्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह निघतो, त्यात खडकाळ पड असा एक वर्ग आहे आणि सड्यासारखी जमीन सहज त्यात जाऊन बसते. आम्ही गेलो ते या वर्गाच्या आत वनस्पतींचे कोणकोणते समूह दडलेत ते मांडायला.

आधी पोचायचं कसं ते. कोकण रेल्वेचं राजापूर रोड स्टेशन शहरापासून चांगलंच लांब आहे. रात्रीची गाडी पकडणार असाल तर रिक्षा आधी बोलून ठेवा. मुक्काम राजापुरात सोयीचा. एसटी गावांपर्यंत जाते, पण तिच्या वेळा आणि तुमच्या वेळा जुळणार नाहीत, दुचाकी हवीच.

घरून निघण्यापूर्वी उपग्रहचित्रावर ढोबळ तुकडे आखून घ्या: उघडा कातळ, गवत, झुडपांची किनार. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा, आणि सड्यावरचं डबकं दोन-तीन मीटरचं. ते त्यात विरघळून जातं. शिवाय जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं. स्वच्छ चित्र मिळतं ते ऑक्टोबरात, तोवर डबकी आटायला लागलेली असतात. म्हणजे ज्या महिन्यांत सडा जिवंत असतो नेमक्या त्याच महिन्यांत वरून काही दिसत नाही. यावर उपाय पायांचाच.

जागेवर गेल्यावर सगळ्यात उपयोगी पडली ती खुणा केलेली एक लोखंडी सळी. कारण सड्यावर कोण कुठे उगवणार हे मातीची आणि पाण्याची खोली ठरवते. एक उतार नीट सांगतो. वर नुसता दगड, त्यावर दगडफुलाचे आणि शेवाळाचे पापुद्रे. तिथून हातभर खाली पाण्याचा पातळ पदर सतत झिरपतोय, सळी टेकवली की लगेच खट्कन दगड लागतो. तिथे गेंदाचे पांढरे बोंडुले, मध्येच सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा आणि वाकून पाहिलं तर दवबिंदूची चिकट लाल पानं. पाण्यात आणि मातीत नत्राचा तुटवडा, म्हणून ही शेवटची दोन मंडळी किडे पकडून भागवतात. आणखी चार पावलं खाली खळगा, त्यात माती साठलेली, सळी वीतभर आत जाते, आणि एकदम चित्र बदलतं: डायमेरिया गवत, कवला, नभाळी. दगडाच्या भेगांत वेगळेच भाडेकरू. कडेला माती खोल होते तिथे करवंद, कुडा, अंजन. हा सगळा बदल घरातल्या एका खोलीच्या लांबीत.

म्हणून प्रत्येक तुकड्याला एकच रंग देण्याचा हट्ट सोडा. मोठ्या तुकड्याला 'मिश्र' म्हणा आणि आत कोणता समूह साधारण किती टक्के ते लिहा. त्याच्या पुष्टीसाठी १ मीटर × १ मीटरच्या चौकटी टाका, प्रत्येकीत मातीची खोली, पाण्याची खोली आणि जाती नोंदवा. गावातली नावं जरूर लिहा, शेजारी शास्त्रीय नावही हवंच. जूनच्या फेरीत दिपकाडीची पांढरी फुलं दिसतात. ही कोकणातल्या सड्यांचीच प्रजाती, आणि सप्टेंबरात गेलात तर गवतात तिचा मागमूस लागत नाही.

देवाचे गोठणे इथे सड्यावर मानवाकृती कातळशिल्प आहे आणि त्याच्या आसपास होकायंत्राची सुई भरकटते. फोनमधलं होकायंत्रही अर्थातच विश्वासाचं नाही. दिशा धरून रेषा आखण्याऐवजी प्रत्येक चौकटीचे जीपीएस अंक घ्या. आणि कृपा करून शिल्पावर चौकट ठेवू नका, बूट तर नाहीच.

ओला जांभा शेवाळाने निसरडा होतो, चांगल्या पकडीचे बूट घ्या. छत्री निरुपयोगी, वारा ती उलटी करतो. नोंदी पेन्सिलीने. विजा चमकायला लागल्या की मोकळ्या सड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, मुकाट्याने खाली उतरा. दगड उलटू नका. फुरसं या भागात भरपूर आहे आणि त्याचा रंग अगदी जमिनीचा.

परवानगीचं मात्र मनावर घ्या. बहुतेक सडे खासगी, एका गटात ढीगभर हिस्सेदार, अर्धे मुंबईत. २०२३ साली बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन झालं, तेव्हापासून यंत्र घेऊन फिरणारा माणूस म्हणजे कंपनीचा, असंच धरलं जातं. मला त्यात गैर काही वाटत नाही. आम्हालाही एका काकांनी गुरं थांबवून पहिला प्रश्न तोच केला. आधी सरपंचांना भेटा, काय मोजणार ते सांगा. पटलं की हेच काका कोणता खळगा दिवाळीपर्यंत ओला राहतो आणि सड्यावरचं पाणी खाली कोणत्या वहाळाला उतरतं ते दाखवतात. ती माहिती चौकटीत सापडत नाही, पण नकाशावर यायलाच हवी. चिरेखाण कुठे नको, सुरुंग लावून आंब्या-काजूची कलमं कुठे नकोत, हे ठरवताना गाव फुलांपेक्षा विहिरीचा विचार आधी करतं.

शेवटी तुमचे तुकडे गावनकाशाच्या गट नंबरांवर बसवा, नाहीतर ग्रामपंचायतीत त्यांचा कुणाला उपयोग नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. नकाशाची मराठी छापील प्रत तिथे द्या, नुसता पेनड्राइव्ह नको. दुर्मिळ कंद कुणी उकरून नेऊ नयेत म्हणून त्यांचे नेमके जीपीएस अंक त्या प्रतीतून वगळा, फक्त गट नंबर पुरे. समाजमाध्यमांवर तर तेही टाकू नका.