आर्माडिलो बघायला ब्राझोस बेंडला

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या नैऋत्येला, गाडीने तासाभरावर ब्राझोस बेंड स्टेट पार्क आहे. बहुतेक जण इथे अ‍ॅलिगेटर बघायला येतात आणि एल्म लेकच्या बांधावरून चक्कर मारून परततात. मी तळं सोडून ओकच्या झाडीत शिरतो. खाली पाचोळा, मऊ माती. आर्माडिलो म्हणजे अंगावर हाडाचं कवच असलेला, माती उकरून किडे खाणारा छोटा सस्तन प्राणी. त्याला हवं ते सगळं इथे आहे.

उन्हाळ्यात तो ऊन कलल्यावरच बिळाबाहेर पडतो, हिवाळ्यात मात्र भर दुपारी. त्याच्या अंगात चरबी कमी, केस विरळ आणि शरीराचं तापमान जेमतेम ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. जमीन दिवसचे दिवस गोठली की किडे मिळत नाहीत आणि साठवलेलं तर काहीच नसतं. त्यामुळे कडक थंडीत तो उपासमारीने मरतो.

तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पाचोळ्यात खसफस, मध्येच नाकातून फुरफुर. वाटेवर बोटभर खोल, निमुळते खड्डे आणि ओली माती दिसली, की तो जवळपासच आहे असं समजावं. त्याची नजर अधू, पण नाक असं तिखट की वीतभर खोल मातीतली अळीसुद्धा त्याला कळते. म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने जावं. तो उकरत असताना पावलं टाकावीत. तो मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगू लागला, की जागच्या जागी थांबावं. इतकं पाळलं तर आठ-दहा फुटांवरून निवांत बघता येतो.

तेवढ्या अंतरावरून पुढच्या पायाची चार बोटं मोजता येतात. मधली दोन नखं सर्वांत लांब, खणायची ती हीच. पुढचे पाय उकरतात, मागचे माती मागे ढकलतात, नाक खड्ड्यातच. बाकीचं काम चिकट जिभेचं. दात खुंटीसारखे, त्यांच्यावर इनॅमल नाही.

कवच म्हणजे कातडीतच तयार झालेल्या हाडाच्या चकत्या, वर शिंगासारखा थर. खांद्यावरची आणि कमरेवरची ढाल ताठ असते, मधले पट्टे हलते. इथला हा नऊपट्टी आर्माडिलो. नावात नऊ पट्टे असले तरी सात ते अकरा कितीही असू शकतात. पोट मात्र मऊच. हा अंगाचा चेंडू करू शकत नाही. ती करामत दक्षिण अमेरिकेतल्या तीनपट्टी आर्माडिलोची. कोकणातलं खवले मांजरही वेटोळं होतं, पण त्याचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांसारखे, आणि दोघांचं नातं दूरचं. आर्माडिलोचे जवळचे भाऊबंद म्हणजे स्लॉथ आणि मुंगीखाऊ.

माझ्या मते याला कवचापेक्षा पळ काढण्यानेच जास्त तारलंय. दचकला की सरळ वर ३-४ फूट उडी आणि मग काटेरी झुडपात धूम. बिळात शिरला की पाठ कमानीसारखी ताणून कवच छताला रुतवतो, नखं मातीत रोवतो. मग शेपटी धरून ओढलं तरी हलत नाही. अरुंद ओढा तो तळावरून चालत ओलांडतो, कारण श्वास सहा मिनिटांपर्यंत रोखता येतो. पाणी रुंद असेल तर पोटात आणि आतड्यात हवा भरून घेऊन पोहत जातो.

मे-जूनमध्ये गेलात तर एकाच मापाची चार पिल्लं एकत्र चरताना दिसू शकतात. एकाच बीजांडातून झालेली ही चौघं एकाच लिंगाची असतात. त्यांचं कवच जन्मतः मऊ असतं, सावकाश घट्ट होतं.

हात मात्र कधीही लावू नका, रस्त्यावर मेलेल्यालाही नाही. त्याच्या थंड शरीरात कुष्ठरोगाचे जंतू वाढतात, आणि या भागात माणसाला तो आर्माडिलोपासून होऊ शकतो हे २०११ मध्ये जंतूंच्या जनुकीय तपासणीतून दिसलं. लांबून बघण्यात धोका नाही.

परतताना अंधार पडलेला असतो, तेव्हा गाडी हळू चालवा. तो समोर आला तर ‘दोन चाकांच्या मधून जाऊ देऊ’ असा हिशोब करू नका. गाडी अंगावरून जाताना तो दचकून वर उडतो आणि नेमका खालच्या पत्र्यावर आदळतो. मागे कुणी नाही ना हे बघून ब्रेक लावा, आणि तो कडेच्या गवतात शिरेपर्यंत थांबा.