चिखलदरा घाट, तिसरी खेप: टकटक सापडली

सायकलचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्यावर बसतो ती पट्टी, वाकला होता. एवढंच होतं. मागच्या दोन नोंदींत ज्या टकटकीबद्दल मी रडलो, चढावर जोर लावला की मागचा गिअर आपोआप घसरायचा, ते सगळं या बोटभर अॅल्युमिनियमच्या पट्टीमुळे. दीड महिना गेला. आतली केबल बदलली, हाउसिंग बदललं, चेन बदलली, कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) नवी टाकली. तरी बत्तीस दात्यांच्या सगळ्यांत मोठ्या चक्रावर चेन टिकत नव्हती.

रविवारी परतवाड्यातून आम्ही अकरा जण उजाडता उजाडता निघालो. धामणगाव गढीपर्यंतचा रस्ता गप्पांत सरला. बागांत आंबिया बहाराची तोडणी चाललेली, संत्र्याच्या क्रेट रस्त्याकडेला रचलेल्या, आणि थंडी एवढी की हातमोज्यांतून ब्रेक लिव्हर गार लागत होते. त्यापुढे घाट. परतवाडा साधारण 370 मीटरवर आणि चिखलदरा 1118 वर, म्हणजे तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात साडेसातशे मीटर चढायचे, तेही बहुतेक सगळे शेवटच्या टप्प्यात.

माझं गणित साधं होतं. पुढे चौतीस दाते, मागे बत्तीस, सातशे बाय अठ्ठावीसचे टायर. एका पायडलीत सव्वादोन मीटर. मिनिटाला साठ पायडली मारल्या तरी ताशी आठ किलोमीटर निघतात आणि गुडघेही शाबूत राहतात. पण बत्तीसच टिकत नसेल तर हे सगळं कागदावरच. तिसऱ्या वळणावर टकटक सुरू झाली. चेन एकदम अठ्ठावीसवर उतरली, पाय खाली गेला, मागून येणारा आमचा कॉलेजवाला माझ्यावर आदळता आदळता वाचला. पुढचे चार किलोमीटर अठ्ठावीसवर उभं राहून काढले. मोथ्याला पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या.

तिथं चहा घेताना मी सायकल उलटी करून पुन्हा बॅरल अॅडजस्टरशी (केबलचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू) खेळत बसलो. आमचे काका (आयुष्य एसटीच्या डेपोत पान्हे फिरवण्यात गेलेलं) मागं येऊन उभे राहिले.

"भाऊ, केबल कायले पाहून राह्यला? मांगून पाय. पट्टी आतमंदी गेली हाये."

"काका, पण ते मोजायचं कशानं?"

"चाकानं. चाकाहून सरळ अजून काय असते?"

मग त्यांनी जे केलं ते नीट लिहून ठेवतो, कारण हे सगळ्यांना उपयोगी आहे. सायकल सरळ करून दोघांनी धरली. डिरेलर पाच नंबरच्या एलन कीनं सोडवला आणि केबलवरच लोंबू दिला. दुसऱ्याच्या सायकलचं मागचं चाक काढलं, त्यातली क्विक रिलीजची (हातानं चाक सोडवायच्या खिट्टीची) दांडी ओढून घेतली आणि एक्सलचं टोक हँगरच्या भोकात फिरवलं. आटे बरोब्बर बसले! क्विक रिलीजच्या मागच्या चाकाची एक्सल सहसा 10 मिमीची, 1 मिमी पिचची, आणि हँगरचा आटाही तोच. पुढचं चाक चालत नाही, त्याची एक्सल 9 मिमीची. थ्रू एक्सलवाल्यांचं, म्हणजे जाड आरपार दांडीवर बसणारं, चाकही इथं कामाचं नाही.

आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी. दोन्ही रिममधलं अंतर काकांनी बोटांनी मोजलं. वर सात बोटं, खाली पाच. डिरेलर नुसता बघून हे कधीच कळलं नसतं, पण चाकाच्या व्यासाएवढ्या लांबीवर ती चूक उघडी पडली. काकांनी चाकच तरफ म्हणून धरलं आणि एकाच दिशेनं, सावकाश, थांबत थांबत वाकवलं. पुढंमागं हलवायचं नाही, अॅल्युमिनियमला तडा जातो. वर सहा, खाली सहा. मग पुढच्या-मागच्या बाजूलाही मोजलं, तिथं फरक नव्हता.

डिरेलर परत लावला तर चेन बत्तीसवर चढेचना. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं: पट्टी आत वाकल्यामुळे डिरेलर आऱ्यांना लागू नये म्हणून मागच्या वेळी मीच एल स्क्रू (डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा) आवळला होता. तो अर्धा फेरा सैल केला, इंडेक्सिंग (एका क्लिकला एक चक्र असा मेळ) नव्यानं लावलं, आणि चेन बत्तीसवर अलगद जाऊन बसली. तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, मी पाच-सहा वेळा पायडल फिरवून ऐकलं.

पट्टी वाकली कधी, तेही आता कळतंय. टकटक सुरू होण्याआधीच्या राइडनंतर मालवाहू गाडीत सायकली एकावर एक टाकल्या होत्या, माझी उजव्या अंगावर सगळ्यांत खाली. यापुढे डिरेलर नेहमी वरच्या बाजूला.

मोथ्यापासून चिखलदऱ्यापर्यंत बसूनच चढलो, एकदाही घसरलं नाही. गाविलगडाच्या दरवाज्यात सायकली टेकवून जेवलो. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा स्टीव्हन्सनच्या फौजेनं याच डोंगरातून रस्ता काढत जड तोफा हातांनी ओढून आणल्या होत्या. चढून आलेल्या पायांना ते वाचण्यापेक्षा जास्त समजतं. उतरताना मात्र तीनदा थांबून रिम तापलाय का ते हात लावून पाहिलं. रिम ब्रेकवाल्यांनी हे करावंच.

हत्यारांबद्दल: पार्क टूलचं हँगर गेज उत्तम, पण एकट्यानं घेण्यासारखं नाही, क्लबनं मिळून एक घेऊ. जादा हँगर मात्र प्रत्येकाच्या पिशवीत हवा. मी फोटो न जुळवता ऑनलाइन मागवलेला दुसऱ्याच फ्रेमचा निघाला. भोकांमधलं अंतर मोजूनच मागवा. एकदा वाकवलेल्या पट्टीवर माझा पुढच्या घाटासाठी भरवसा नाही.

पुढचा रविवार मुक्तागिरी ठरला होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी परतवाड्यात तासभर सगळ्यांचे हँगर चाक लावून तपासू आणि मग घटांगच्या बाजूनं चिखलदरा चढून धामणगावकडे उतरू. मागची क्विक रिलीज चाकं निदान दोन लागतील. कोण आणतंय?