सव्वातीन मीटरची चेन आणि कोकणातल्या खाड्या

वेश्वीच्या जेट्टीवरून निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून आलं की थोड्याच वेळात रस्ता पाण्याची साथ सोडतो आणि सड्याकडे, म्हणजे जांभ्याच्या पठाराकडे, चढायला लागतो. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होते. अचानक 'खाट' असा आवाज आला आणि पॅडल वीतभर पोकळ गेलं. सायकल डगमगली, सावरली. शंभरएक मीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी पाय टेकवला.

साध्या सायकलवर असते तर उभी राहिले असते, अंगाचं वजन पॅडलवर टाकून तेवढी चढण काढली असती. माझी रिकम्बंट आहे, रेलून बसून चालवायची सायकल. तिच्यावर ते जमत नाही. पाठ सीटला टेकलेली असते, पाय समोर पसरलेले असतात. जे काही आहे ते पायांतली ताकद आणि गिअर. माझ्या सायकलला पुढे 24 दातांची लहान चकती आहे, मागच्या कॅसेटमधली, म्हणजे चाकावरच्या चकत्यांच्या संचातली, सगळ्यात मोठी चकती 34 दातांची आणि मागचं चाक 26 इंची. या जोडीवर पॅडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी सव्वापाच किलोमीटर. एवढ्या कमी वेगात तोल सांभाळायचा तर पाय एका लयीत फिरत राहावे लागतात. मध्येच पॅडल पोकळ गेलं तर थेट रस्त्यावर.

मानेच्या दुखण्यामुळे चार वर्षांपूर्वी मी या सायकलकडे वळले. अलिबागहून रत्नागिरीपर्यंत सागरी रस्त्यानं जायचं, हे तेव्हापासून मनात होतं. या जानेवारीत मुहूर्त लागला. सोबत मावसभाऊ, त्याच्या साध्या सायकलवर. पहिले दोन दिवस स्वप्नासारखे गेले. काशीदचा चढ, आगरदांड्याची जेट्टी, दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीपाशी रस्त्याला अगदी खेटून असलेला समुद्र. रिकम्बंटवरून समुद्र बघायला मान वळवावी लागत नाही की कंबर वाकवावी लागत नाही. तो समोर असतो, डोळ्यांच्या रेषेत.

आता जरा चेनबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. साध्या सायकलला साधारण 114 कड्यांची चेन पुरते. माझ्या सायकलला 254 लागतात. अर्ध्या इंचाची एक कडी, म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर. पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे आहे. तिथून चेन सीटखाली येते, आयडलर नावाच्या पंधरा दातांच्या छोट्या कप्पीखालून वळते आणि मागच्या चाकाकडे जाते. परतीचा पदर प्लास्टिकच्या नळीतून पुढे येतो. पायांचा सगळा जोर वाहणारी बाजू त्या कप्पीखालूनच जाते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

त्या चढावर मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. मागचा डिरेलर चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो, त्याच्या केबलचा ॲडजस्टर फिरवला. अर्धा आटा बाहेर, म्हणजे केबल ताणली गेली. फरक नाही. आणखी अर्धा. आता चेन शेजारच्या मोठ्या चकतीला घासायला लागली. मग आत फिरवला, मग डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणाऱ्या मर्यादेच्या स्क्रूला हात घातला. मूळ जागा कुठे होती याची खूण केली नव्हती. तासाभरात एका बिघाडाचे दोन बिघाड झाले. केळशीपर्यंतची प्रत्येक चढण मी सायकल ढकलत चढले. सीटची उंची मांडीएवढी, त्यामुळे रिकम्बंट ढकलताना कमरेतून वाकावं लागतं आणि कंबर बोलायला लागते.

केळशीत ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी अंगणात सायकल पाहिली आणि विचारलं, "काय गो, ही मोडली की अशीच असते?" अशीच असते म्हटल्यावर त्यांनी दिवा बाहेर आणून दिला. रात्री पडवीत बसून नीट विचार केला.

पहिला संशय चेनवर. लांब चेनची प्रत्येक कडी दातांवर कमी वेळा येते, त्यामुळे ती झिजतेही सावकाश, पण झिजते. पोलादी पट्टी लावून पिनेपासून पिनेपर्यंत 24 कड्या मोजल्या. नवी चेन बरोबर 12 इंच भरते. सोळांश इंच जास्त भरली तर ती बदलायची, अष्टमांश भरली तर सोबत कॅसेटही गेलीच असं समजायचं. माझी सोळांशाच्याही आत होती.

दुसरा संशय एखाद्या आखडलेल्या कडीवर. आखडलेली कडी असेल तर झटका ठरावीक अंतरानं बसायला हवा. 24 दातांच्या चकतीवर 254 कड्यांची चेन एकदा पूर्ण फिरायला पॅडलच्या साधारण साडेदहा फेऱ्या लागतात. दिवसभर झटके कधी चार फेऱ्यांनी बसत होते, कधी वीस फेऱ्यांनी. तरीही काकूंच्या सुनेकडून नेलपॉलिश मागून एका कडीवर ठिपका दिला आणि सगळ्या 254 कड्या बोटांत वाकवून पाहिल्या. एकही आखडलेली नव्हती.

तिसरा संशय कॅसेटवर. झिजलेल्या चकतीवरून चेन उडते, पण ती त्याच चकतीवर. माझी सगळ्याच गिअरवर उडत होती. हे मला वेश्वीच्या चढावर, पहिल्या पाच मिनिटांत दिसलं होतं. सगळ्या गिअरवर सारखाच बिघाड म्हणजे तो अशा जागी, जिथून चेन प्रत्येक गिअरमध्ये जाते. डिरेलरला हात लावण्याआधी एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला असता तर अख्खा दिवस वाचला असता. याची मला आजही हळहळ वाटते.

दुसऱ्या दिवशी आडे, पाडले करत आंजर्ल्याला आलो, जोग नदीचा पूल ओलांडला आणि हर्णैच्या बंदरात थांबलो. लिलावाची वेळ नव्हती. जाळी सुकत होती आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका सावलीत बसले होते. सायकल पाहून उठून आले, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, रिकामी फिरवून काय कळणार? ओझं असताना बघा."

भावानं मागचा ब्रेक घट्ट दाबून धरला, मी सीटवर बसून पॅडलवर जोर दिला. काकांनी उकिडवं बसून सीटखाली पाहिलं. "ही कप्पी वाकडी होतेय." मी उतरले, भावाला बसवलं आणि स्वतः पाहिलं. जोर आला की आयडलर स्पष्ट तिरका होत होता. चेन त्याच्या दातांवर चढत होती आणि आणखी जोर आला की एक दात सोडून पुढच्या खाचेत पडत होती. झटका तिथला होता. पोलादी चौकटीतून तो पायाला आणि पाठीला असा येत होता की मला तो मागच्या चाकातला वाटला.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आयडलरच्या बोल्टवर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि मला पॅडल हातानं हळू फिरवायला सांगितलं. इंजिनातलं बेअरिंग ते असंच ऐकतात. मीही ऐकलं. वाळूवर पत्रा ओढावा तशी खरखर. "छर्रे गेले," ते म्हणाले. जेट्ट्यांवर चाकांखाली आलेलं खारं पाणी आणि सड्यावरची जांभ्याची लाल धूळ, दोन्ही बेअरिंगमध्ये शिरली होती. वर मी दर रात्री चेनला सढळ हातानं ओलं तेल लावत होते. तेलात धूळ बसली की कानशीसारखी झीज करते.

आयडलर सोडवला. आतल्या बेअरिंगवरचा गंज पुसल्यावर आकडा दिसला, 608. आतून 8, बाहेरून 22 आणि रुंदीला 7 मिलिमीटर. हा आकडा पाहून जीव भांड्यात पडला. बाकी सायकलचं काहीही गावच्या दुकानात मिळणार नव्हतं.

त्यालाही इतिहास आहे. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूनं रिकम्बंटवर एका तासात 45 किलोमीटरहून जास्त अंतर कापून 1914 पासून टिकलेला विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं ही बैठक अधिकृत शर्यतींतून बाद केली. जे शर्यतीत नाही ते कारखान्यांत नाही, आणि जे कारखान्यांत नाही ते दापोलीच्या दुकानात कुठून असणार? मला हा अन्याय वाटतो, आणि रस्त्यात सुटा भाग शोधताना तो फार जवळून जाणवतो. पण 608 बेअरिंग ड्रिल मशीनमध्ये असतं, हँड ग्राइंडरमध्ये असतं.

भाऊ सुटा आयडलर खिशात घालून एसटीनं दापोलीला गेला. सायकलच्या दुकानात गेलाच नाही. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेला, तिथे 608 ची जोडी मिळाली. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलंच घे, असं मी बजावलं होतं, कारण पत्र्याच्या झाकणातून धूळ आत जाते. दुकानदारांनी जुनं बेअरिंग ठोकून काढलं आणि नवं शिकंज्यात धरून दाबून बसवलं. दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर तो छर्ऱ्यांवर येतो आणि नवं बेअरिंग बसवतानाच जातं. त्यांना हे सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी हर्णैत आयडलर बसवला आणि मी बिघडवलेला डिरेलर पहिल्यापासून लावला. केबल सोडली, ॲडजस्टर पूर्ण आत आणि मग दोन आटे बाहेर. चेन सगळ्यात लहान चकतीवर, डिरेलरची वरची कप्पी तिच्या बरोबर रेषेत येईल असा स्क्रू. मग केबल हातानं ताणून आवळली. शेवटी मोठ्या चकतीकडचा स्क्रू, चेन आऱ्यांत पडणार नाही इतपत. या वेळी ॲडजस्टरवर नेलपॉलिशची खूण केली.

दाभोळपर्यंत सगळं गोड चाललं. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो, चढ चढलो आणि गुहागरच्या उतारावर लक्षात आलं की गिअर जड व्हायला तयार नाही. शिफ्टरची कळ दाबली की काही नाही, आणि पाच-सहा सेकंदांनी चेन आपली आपण खाली उतरते. हलका गिअर मात्र झटकन पडत होता.

या वेळी हत्यारं काढण्याआधी रस्त्याकडेला बसले. मोठ्या चकतीवर जाताना माझा अंगठा केबल ओढतो. लहान चकतीवर येताना डिरेलरची स्प्रिंग ती परत खेचते, आणि स्प्रिंग अंगठ्याइतकी बळकट नसते. जाताना ठीक आणि येताना उशीर, म्हणजे ताण बरोबर आहे, केबल कुठेतरी अडते आहे. माझं हँडल सीटच्या खाली, दोन्ही बाजूंना आहे. शिफ्टर रस्त्यापासून हातभर उंचीवर, धुळीच्या वाटेतच. तिथली केबलची टोपी काढली तर आऊटरच्या, म्हणजे केबलवरच्या नळीच्या, आतल्या तारा पिंजून बाहेर आल्या होत्या आणि लाल चिखल भरला होता.

गुहागरच्या दुकानात आऊटर होतं, पण ब्रेकचं. त्यात तार गुंडाळलेली असते, वळणावर आणि दाबाखाली तिची लांबी बदलते. ब्रेकला ते चालतं, पण गिअरला प्रत्येक खटक्यामागे केबलची नेमकी हालचाल लागते. नाही घेतलं. माझ्या आऊटरमध्ये वळणापाशी थोडी ढील होती, तीच कामाला आली. पिंजलेलं तीन सेंटिमीटरचं टोक कापलं, कानशीनं तोंड सपाट केलं, सुईनं आतलं प्लास्टिक गोल उघडलं. इनर, म्हणजे आतली सरकणारी तार, पुसून कोरडी परत घातली. इनरची मला काळजी होती.  तुटली असती तर सुटी तार सामानात होती. एवढी एक गोष्ट मी निघतानाच बरोबर केली होती.

तिथून पुढे ओलं तेल बंद. रोज संध्याकाळी फडक्यानं चेन पुसायची आणि मेणाचं कोरडं वंगण थेंब-थेंब द्यायचं. 254 कड्यांना अर्धा तास लागतो. भाऊ त्याच्या सायकलचं दहा मिनिटांत आटपून गरम भजी खायला बसायचा.

हेदवी करून तवसाळला आलो आणि शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. या रस्त्यावरची ही आमची शेवटची जेट्टी. पुन्हा तेच, पाण्यापासून थेट सड्यावर. चोवीसवर चौतीस, दीड मीटर, पुन्हा दीड मीटर. अर्ध्या चढावर एक टेम्पो मागे रेंगाळला, मग हॉर्न न वाजवता शेजारून गेला. पॅडल एकदाही पोकळ गेलं नाही. वर पोचल्यावर सायकल जांभ्याच्या गडग्याला टेकवली, सीटखाली हात घातला आणि चेन थोडी बाजूला करून आयडलर बोटानं फिरवला. फिरला. बाहेरचा दात न् दात लाल धुळीनं माखला होता, पण बोटाला आतून काही लागत नव्हतं. मालगुंडचा रस्ता समोर सपाट होता आणि भाऊ केव्हाच पुढे निघाला होता.