पाच नंबर आडवा लागला

सकाळी सव्वाअकराला आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. "तुमच्या चित्राचे पॅनल लागलेत. एकदा येऊन बघून जा, सहाला उद्घाटन आहे." आवाजात काळजी नव्हती, म्हणून मीही निवांत निघालो. बाणेरच्या त्या नव्या इमारतीच्या लॉबीत पाय ठेवला आणि दारातच थांबलो.

चोवीस फूट लांब भिंत, तिच्यावर चार बाय चारचे सहा पॅनल. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला, पत्रा आठ बाय चारचा येतो, म्हणून तीन पत्रे निम्मे कापून सहा चौकोन केले होते. वाया काही जाणार नाही या हिशोबानं. चौकोन कसाही फिरवला तरी चौकोनच राहतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

चित्र होतं फक्त रेषांचं. पांढऱ्यावर काळं, तीन जाडींच्या रेषा: एक इंची, पाव इंची, आणि रिगर ब्रशनं ओढलेली केसासारखी. डावीकडून रेषांचा एक झोत निघतो, तिसऱ्या पॅनलवर पंख्यासारखा उलगडतो, चौथ्यावर त्याचा गुंता होतो, पाचव्यावर तो सुटून आडवा, शांत पसरतो आणि सहाव्यावर विरत जातो. नदी, वारा, ज्याला जे वाटेल ते. प्रत्येक पॅनलच्या कडेवर रेषेला रेष मिळेल अशी मापं घेतली होती आणि मागे पेन्सिलीनं नंबर आणि वरच्या बाजूचा बाण काढला होता.

भिंतीवर मात्र तीनच्या जागी पाच होता, तोही आडवा फिरवलेला. माझ्या शांत आडव्या रेषा गजासारख्या उभ्या. आणि पाचच्या जागी तीन, डोकं खाली पाय वर.

"बाण?" मी मिस्त्रींना विचारलं.

"सर, पोरानं सहाच्या सहा पॅनलना मागून सोल्यूशन फासलं आधी. मग कुठला नंबर न् कुठला बाण. पुढून बघून लावले जमेल तसे." ते खरंच ओशाळले होते. रबरी गोंद एकदा पकडला की सोडत नाही. वरून बिनटोपीच्या चुकाही मारलेल्या. काढायचं म्हटलं तर एमडीएफचा भुगा हातात आला असता.

बाई म्हणाल्या, "अहो, लोकांना कुठं कळतंय? अ‍ॅबस्ट्रॅक्टच आहे ना."

या वाक्याचा राग यायचं कारण म्हणजे त्यात निम्मं खरं असतं. पॅनल अदलाबदल होऊनही कुणाला कळत नसेल, तर चित्रात बांधणी होती कुठं? आणि कळत असेल, तर नेमकं काय कळतं? मी भिंतीपासून लांब, थेट गेटपर्यंत गेलो. मोबाइलवर फोटो काढला, कृष्णधवल केला, नखाएवढा होईल इतका लहान केला. डोळे किलकिले करून बघायची जुनी सवय आहेच, पण फोनमधला नखाएवढा फोटो जास्त निर्दय असतो.

पहिले दोन पॅनल एकजीव. दोनच्या पुढे धडकन भिंत: आडव्या रेषा धावत येतात आणि उभ्या रेषांवर आपटतात. मग गुंता. मग उलटा तीन, आणि शेवटी सहा.

पहिला उपाय सुचला तो सगळ्यात वाईट होता. दोन आणि पाचच्या सांध्यावर मी सात रेषांची टोकं वळवून उभ्या रेषांना नेऊन मिळवली. टोक दिसलं की जोड, एवढंच डोकं चाललं. दहा पावलं मागे आलो तर नळाला एल्बो बसवल्यासारखं दिसत होतं. प्लंबिंग! रंग ओला होता तोवर ओल्या फडक्यानं पुसला. राखाडी डाग राहिला, तो पांढऱ्याखाली दाबला. पाऊण तास गेला.

मिस्त्रींनी चहा मागवला. मी समोर लादीवर बसून गुंत्याकडे आणि उलट्या तीनकडे बघत राहिलो, आणि हळूहळू लक्षात आलं की त्या सांध्यावर एकही रेष जुळत नाहीये. दोन-दोन इंचांचा फरक आहे. तरीही तिथं डोळा अडखळत नाही. उलट, डावीकडे उलगडणारा तो पंखा आता गुंत्यातून निघालेल्या रेषा गोळा करून उजवीकडे नेतोय असंच वाटतंय. हे मी ठरवलेलं नव्हतं. पण दोन्ही पॅनलवर अंतरं एकाच पट्ट्या वापरून घेतली होती: एक बोट, दोन बोटं, तीन, पाच. उलटं केल्यावर क्रम उलटला, पण घराणं तेच राहिलं. सहाव्यातही तीच अंतरं होती, म्हणून तोही परका वाटत नव्हता.

कॉलेजात आम्हाला डिझाइनची तत्त्वं पाठ करायला लावायचे: तोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद, एकता. किराण्याच्या यादीसारखी. एकता म्हणजे शेवटी वरून टाकायचा सहावा जिन्नस अशीच समजूत व्हायची. मीही तिची सोय लावली होती कडांवर, रेषेला रेष शिवून. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ साली मांडलं होतं की नजर वेगवेगळ्या गोष्टी एका गटात बांधते ती बऱ्याच कारणांनी: जवळ आहेत म्हणून, सारख्या आहेत म्हणून, एकाच वाटेनं पुढं जातात म्हणून. मी त्यातल्या एकाच कारणावर, पुढं जाणाऱ्या वाटेवर, चोवीस फूट टांगले होते. वाट तुटली तिथं चित्र तुटलं. सारखेपणा जिथं चुकून शिल्लक होता, तिथं ते टिकलं.

डच चित्रकार मॉन्ड्रिअनचं १९१५ सालचं ते काळ्या-पांढऱ्यातलं चित्र आठवलं, समुद्र आणि धक्क्यावरून सुचलेलं. नुसत्या आखूड आडव्या-उभ्या रेघा, कितीतरी एकमेकींपासून सुट्या. तरी एक रेघ उचलायची हिंमत होत नाही. आणि आपल्याजवळच्या चित्रकार नसरीन मोहम्मदी, ज्या १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या अवजारांनी ओढलेल्या पेन्सिलीच्या, शाईच्या रेषा. सत्तरच्या दशकात आडव्या आणि जाळीदार, पुढे तिरप्या. बहुतेक कामांना ना नाव ना तारीख. त्यांच्या कागदासमोर उभं राहिलं की रेषेपेक्षा दोन रेषांमधली जागाच आधी जाणवते, निदान मला.

दुपारचा एक वाजला होता.

ठरवलं की आडवा लागलेला पाच लपवायचा नाही. तो पाहुणा वाटतो, कारण उभ्या रेषा बाकी कुठेच नाहीत. मग त्या घरच्या करायच्या. पॅनलवर अकरा उभ्या रेषा होत्या, त्यातली डावीकडून चौथी एक इंच जाड करायची. भिंतीवर राज्य तिचं. तिचे नातेवाईक बाकीच्या भिंतीवर, पण बेतानं: पहिल्या पॅनलवर तीन, उलट्या तीनवर एक, सहावर दोन. अंतरं तीच, एक-दोन-तीन-पाच बोटांची. जाडी मात्र तिथं केसाची, नाहीतर सगळेच पाटील व्हायचे.

उभी रेष वाकडी गेली तर कुंपणाच्या मोडक्या खांबासारखी दिसते. माझी पट्टी तीन फुटी, पॅनल चार फूट. मिस्त्री म्हणाले, "थांबा सर," आणि पेटीतून ओळंबा काढला. दोरी वरच्या कडेला धरली, गोळा खाली डुलत डुलत थांबला, आणि दोरीमागे त्यांनी तीन जागी पेन्सिलीचे टिंब दिले. त्या टिंबांवरून मास्किंग टेप लावायची, टेपच्या कडेवर आधी पांढरा हात फिरवायचा म्हणजे काळा आत झिरपत नाही, मग काळा. दुसऱ्या रेषेला त्यांनी मला न विचारता दोरी दोन बोटं सरकवून धरली.

"दोनच ना?"

"दोनच."

"आन् पुढची तीनवर." हिशोब त्यांना बघूनच कळला होता. ज्या पोरानं सोल्यूशन फासलं होतं तो टेप कापून देत होता, भीत भीत.

राहिला चौथा पॅनल, म्हणजे गुंता. त्याला मी दोन रात्री दिल्या होत्या. शंभरेक रेषा एकमेकींत शिरलेल्या, काही जाड होत होत पुन्हा बारीक झालेल्या. क्लायंटला दाखवताना मी बोट ठेवायचो ते याच्यावर. पण आता शेजारी जाड उभी रेष आल्यावर दोघं एकाच वेळी ओरडायला लागले. फोनमधल्या नखाएवढ्या फोटोत दोन काळे डाग, आणि नजर एकाकडून दुसऱ्याकडे टोलवली जातेय. एकाला गप्प करणं भाग होतं. तोलासाठी समोरासमोर दोन वजनं ठेवायची असतात असं शिकवतात. इथं समोर मोकळी जागा हवी होती.

मी पांढऱ्याचा डबा उघडला. मिस्त्रींनी विचारलं, "पुसताय? एवढं बारीक काम?" मी उत्तर दिलं नाही. पहिला हात पातळ लागला, खालून काळं दिसत राहिलं. दुसरा हात. पंख्याखाली सुकवून तिसरा. उजवीकडे निघणाऱ्या सहा रेषा तेवढ्या ठेवल्या. साडेचार झाले होते.

दोन आणि पाचमधला सांधा मात्र तसाच सोडला. आडव्या रेषा येतात आणि उभ्या रेषांशी थांबतात. आता तो अपघात वाटत नव्हता, अडवणूक वाटत होती, आणि अडवणूक चालते. पहिल्या पॅनलवरच्या तीन उभ्या रेषांपैकी मधली अजूनही मला नको वाटते. दोनच पुरल्या असत्या. पण टेप काढून झाली होती आणि फुलवाला तोरण घेऊन शिडी मागत होता.

सहाला बाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? कळत नाही काही." मी मान हलवली आणि बिल पाठवलं. मूळ रकमेचंच. मिस्त्रींच्या पोराला मी सांगितलं की पुढच्या वेळी नंबर आणि बाण मी पॅनलच्या जाडीवर, कडेला लिहीन. तो म्हणाला, "कडेलापण सोल्यूशन लागतं सर."

महिन्याभरानं त्या बाजूला गेलो होतो म्हणून आत डोकावलो. दुपारी काचेतून तिरपं ऊन येतं तेव्हा चौथ्या पॅनलवर गुंता उमटतो. पांढऱ्याखाली रंगाची जाडी राहिली आहे, सगळ्या शंभर रेषा, पांढऱ्यावर पांढऱ्या. मी भिंतीला जवळजवळ गाल लावून बघत होतो. वॉचमन मागून येऊन म्हणाला, "ओल आलीय का साहेब?"