दोन वाव पाणी

जहाजांविषयीचे कोणतेही नवे पुस्तक हाती आले की मी त्यात आधी एकच गोष्ट शोधते: मालाने भरलेले जहाज पाण्यात किती खोल बसत होते, हे लेखकाने सांगितले आहे का? शिडे, तोफा, कप्तानाचा स्वभाव आणि वादळाची रात्र बहुतेक पुस्तकांत असतेच, आणि तेही मी आवडीने वाचते. परंतु जहाजाच्या तळाखाली किती पाणी उरले होते हे ज्या लेखकाने विचारलेच नाही, त्याला ते जहाज एका बंदरात का शिरले, दुसऱ्या बंदराबाहेर का थांबले आणि तिसऱ्या ठिकाणी अर्धा माल होड्यांत उतरवून मगच पुढे का गेले, यांपैकी काहीही नीट उलगडून सांगता येत नाही, असे अनेक वर्षांच्या वाचनानंतर माझे मत झाले आहे.

ही सवय मला लावली ती ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या छोट्याशा ग्रंथाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तो लिहिला; त्याने स्वतःचे नाव कोठेही नोंदवलेले नाही, आणि त्याचे लेखन आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः हायडेलबर्ग येथे जपलेल्या दहाव्या शतकातील हस्तलिखितामुळे. बरिगाझा, म्हणजे भडोच, येथे पोहोचल्यावर हा मनुष्य बाजारभावांआधी पाण्याविषयी बोलतो. आखात अरुंद आहे, तळाशी उथळ पट्टे आहेत, नर्मदेचे मुख सापडले तरी आत शिरणे अवघड आहे, आणि म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी ट्राप्पागा आणि कोटिम्बा नावाच्या मोठ्या होड्या घेऊन समुद्रात पुढे येतात व परकी जहाजे ओढत आत नेतात. भरती सुरू झाली की निघायचे आणि ओहोटीच्या वेळी नदीतल्या ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबायचे, असा त्यांचा क्रम होता. ओहोटीत कलंडून चिखलात रुतलेल्या होड्या भरतीच्या पहिल्याच लोंढ्यात पाण्याने भरून जातात, हे वाक्य तो ज्या शांतपणे लिहितो, त्यावरून त्याने ते स्वतः पाहिले असावे असे मला प्रत्येक वाचनात वाटते. सागरी इतिहास आणि नदीतली वाहतूक या दोन वेगळ्या शाखा आहेत असे या माणसाला कोणी सांगितले असते, तर त्याला ते समजलेच नसते.

पुढच्या काळात मात्र ही वाटणी झाली आणि पुस्तकांत ती पक्की बसली. माझ्याकडे जगाच्या नौकानयनाचा एक जाडजूड सचित्र इतिहास आहे. त्यात आरमारी लढायांना चार प्रकरणे आणि कालव्यांना जेमतेम दोन पाने दिलेली आहेत. ज्या मालाच्या रक्षणासाठी ती आरमारे उभी राहिली, तो माल बंदरापर्यंत कसा आला आणि बंदरापासून पुढे कसा गेला, याविषयी लेखकाला काहीच कुतूहल वाटू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नदीचे पाणी ज्याने साहित्यात सर्वांत अचूक उतरवले, तो मार्क ट्वेन. त्याचे ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. 1859 मध्ये त्याला त्या नदीवरच्या आगबोटींचा पायलट म्हणून परवाना मिळाला होता आणि यादवी युद्धाने वाहतूक थांबेपर्यंत त्याने ते काम केले. त्याचे टोपणनावच मुळी खोलीचे माप आहे: शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून मोजणारा खलाशी ‘मार्क ट्वेन’ असे ओरडला, की पाणी दोन फॅदम, म्हणजे 12 फूट आहे, असे समजायचे. फॅदम या शब्दाचा मूळ अर्थ पसरलेल्या दोन हातांची कव, आणि आपला ‘वाव’ हा शब्दही नेमक्या त्याच मापाचा आहे. आपल्या दर्यावर्दींनीही दोरी हातांनीच ओढली आणि कवेनेच मोजली, त्यामुळे ‘दोन वाव’ म्हटले की ट्वेनचे नाव मला अगदी जवळचे वाटू लागते. पाण्यावरची एक पुसट रेघ म्हणजे खाली दडलेला ओंडका, आणि संथ दिसणारा भाग म्हणजे नवा गाळ, हे शिकल्यावर नदीचे सौंदर्य आपल्यापुरते हरवले, अशी खंत तो व्यक्त करतो. मला ती पटत नाही. त्याच्या पुस्तकातली सर्वांत सुंदर पाने हे सगळे शिकल्यानंतरच्या नजरेने लिहिलेली आहेत.

कालव्यांच्या पुस्तकांत तर सगळी गोष्टच मापांवर उभी असते. 1761 मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधली कोळशाची किंमत निम्म्यावर आली, कारण पाण्यावर एकच घोडा सुमारे 25 टनांची नाव ओढू शकत होता. त्यानंतर जेम्स ब्रिंडली याने ट्रेंट आणि मर्सी कालव्यावरची बहुतेक लॉक, म्हणजे पाणी भरून वा सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या बंदिस्त कोठ्या, सुमारे 7 फूट रुंदीच्या ठेवल्या, आणि त्या एका निर्णयाने इंग्लंडच्या मध्य भागातील नावा, त्यांवरच्या खोल्या आणि त्या खोल्यांत राहणारी कुटुंबे पुढची दोनशे वर्षे त्याच रुंदीत बांधली गेली. फ्रान्सने 1879 च्या कायद्याने लॉकचे प्रमाण 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद असे ठरवले, आणि तिकडची नाव त्या मापाची झाली.

या कालव्यांवरच्या एका पुस्तकाने तर कालवेच वाचवले. एल. टी. सी. रोल्ट हा अभियंता 1939 मध्ये ‘क्रेसी’ नावाच्या नावेवर राहू लागला. नावाड्यांची बोली, नावांवरची रंगीत चित्रे आणि ओस पडत चाललेले घाट यांविषयी त्याने लिहिलेले ‘नॅरो बोट’ 1944 मध्ये निघाले. ते वाचून रॉबर्ट एकमन याने त्याच्याशी संपर्क साधला आणि 1946 मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली, जिच्या चळवळीमुळे अनेक बंद पडू लागलेले कालवे टिकले. रोल्ट नावेच्या वजनाविषयी आणि पाण्याच्या खोलीविषयी जितक्या आस्थेने लिहितो, तितक्याच आस्थेने नावेवरच्या माणसांविषयी लिहितो. या विषयावरचे एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हेच सुचवीन.

समुद्राकडे परत येताना मला ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिमसोलचे 1873 चे ‘अवर सीमेन’ आठवते. जास्त माल भरून समुद्रात ढकललेल्या जहाजांवर खलाशी मरत होते, आणि त्याच्या लेखनाने व संसदेतल्या झुंजीने 1876 चा कायदा झाला. जहाजाच्या बाजूवर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर जहाज जिच्या खाली बुडता कामा नये ती खूण, काढणे सक्तीचे झाले, मात्र ती कोठे काढायची हे मालकावरच सोडलेले होते, आणि ही पळवाट 1890 च्या कायद्याने बुजवली. आजच्या जहाजावर त्या खुणेशेजारी गोड्या पाण्याची वेगळी रेघ असते आणि ती समुद्रातल्या रेघेच्या वर असते, कारण गोडे पाणी हलके असल्याने त्यात जहाज अधिक बुडते. समुद्रात 8 मीटर खोल बसणारे जहाज नदीत शिरले की साधारण 20 सेंटिमीटर आणखी खाली जाते. उथळ नदीत तेवढ्यानेच तळ टेकतो. ऱ्हाइन नदीवर जर्मनीतील कौब येथील पाण्याच्या मापपट्टीवरचा आकडा 2022 च्या ऑगस्टमध्ये 40 सेंटिमीटरच्या खाली आला, तेव्हा मोठ्या मालवाहू नावा क्षमतेच्या थोड्याशाच भागाइतका माल घेऊन चालत होत्या.

अलीकडे मी कथनाची पुस्तके कमी आणि लॉइड्स रजिस्टरचे, म्हणजे जहाजांची स्थिती नोंदवणाऱ्या इंग्रजी यादीचे, जुने खंड जास्त वाचते. पहिला खंड 1764 चा. त्यात जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू या स्वरांनी श्रेणी दिलेली आहे आणि साहित्याला चांगले, मध्यम, वाईट यांची आद्याक्षरे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या खंडांत एका ओळीत जहाजाचे नाव, कप्तान, टनभार, बांधणीचे ठिकाण आणि वर्ष, मालक, आणि भरल्यावर किती फूट पाणी लागते तो आकडाही असतो. एखादे नाव निवडून मी ते वर्षानुवर्षे शोधत जाते. कप्तान बदलतो, मालक बदलतो, ए चा ई होतो, फुटांचा आकडा मात्र तसाच राहतो, आणि मग एखाद्या वर्षीच्या खंडात ती ओळ सापडत नाही.